गच्चीवरचं वाळवण २०२५ : नौपाडा, ठाणे – प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल, शनिवार

प्रकल्प सुरू. सासूबाई काल रात्री संगमनेरहून आल्या, बरोबर लोकवन गव्हाचं अर्धं पोतं, पितळेचा सोऱ्या आणि एक जुनं नऊवारी, ते नेसायला नाही तर वाळवणावर झाकायला. दरवर्षी त्या तिकडे करून डबे पाठवतात, यंदा गुडघ्यांमुळे एकटीने जमणार नाही म्हणाल्या, आणि आमची बिल्डिंगही रिडेव्हलपमेंटला चाललीय, पुढे टॉवरमध्ये गच्ची मिळेल न मिळेल. म्हणून मी म्हटलं आई यंदा ठाण्यात करू. ऑफिसात रोज स्टेटस लिहायची सवय आहेच, त्यामुळे इथेही लिहितेय, आईंना त्याचं फार हसू येतं.

स्कोप : कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, उडदाचे पापड, वर्षाचा मसाला, कैरीचं लोणचं. माणसं : आई (सर्वेसर्वा), मी, नवरा (फक्त सुट्टीच्या दिवशी), थोरली, जी १७ मार्चला दहावीचा शेवटचा पेपर देऊन मोकळी झालीय आणि तेव्हापासून मोबाइलमधून डोकं वर काढलेलं नाही, आणि धाकटा. धाकट्याची अडचण अशी की यंदा पहिली ते नववीची परीक्षा सगळ्या राज्यात एकाच वेळापत्रकाने आणि ती थेट २५ एप्रिलपर्यंत, एरवी आंबेडकर जयंतीच्या आसपास पोरं सुटायची. ज्यांनी गावाची तिकिटं आधीच काढून ठेवलेली त्यांचे हाल विचारू नका, आमच्या मजल्यावरच दोन घरं आहेत.

१३ एप्रिल, रविवार

गच्चीची पाहणी. सेक्रेटरी काकांकडून किल्ली घेतली, एक ज्ञानपर भाषण ऐकून. पाण्याची टाकी, डिश अँटेना, कोणाचा तरी मोडका पाळणा, हे सोडून बाकी जागा चांगली आहे. मुद्दा उन्हाचा. शेजारी नवीन टॉवर उभा राहिलाय त्याच्यामागे सूर्य अडकतो, आपल्या गच्चीवर ऊन पोचायला नऊ वाजतात आणि चारनंतर टाकीची सावली पसरते. म्हणजे हातात सात तास. आई म्हणाल्या गावाला सकाळी सातपासून चटका बसतो. आता काय करणार, टॉवर तर सरकवता येत नाही.

कबुतरं : भयंकर. थोरलीने जुन्या सीडी दोरीला टांगायची आयडिया काढली. चालतंय का बघू.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. सकाळी लवकर जांभळी नाक्याच्या बाजारात मिरच्या घ्यायला, कारण दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. बेडगी रंगाला, शंकेश्वरी चवीला आणि लवंगी तिखटाला. आई प्रत्येक दुकानात मिरची मोडून बघतात, देठ ओढतात, मूठभर घेऊन दाबतात, कुरकुरली पाहिजे, वाकली तर त्यात पाणी मारलंय म्हणायचं. दुकानदार आधी वैतागला मग स्वतःच आतलं पोतं उघडून दिलं.

दुपारी मिरच्या गच्चीवर. संध्याकाळपर्यंत तिसरा मजला शिंकत होता.

२० एप्रिल, रविवार

मसाला झाला. डंकावर रांग, नंबर येईपर्यंत धाकट्याचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तिथेच वाचून घेतलं. कांदा आणि खोबरं घरी भाजलं, एक्झॉस्ट चालू ठेवूनही पडद्यांना वास लागलाय. पुढे.

२७ एप्रिल, रविवार

धाकटा सुटला. आजपासून मुख्य काम.

रात्री कुरडयांचा गहू निवडून धुऊन भिजत घातला. हिशोब साधा आहे, तीन रात्री भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, बुधवारी संध्याकाळी वाटून चीक (गव्हाचं सत्त्व) काढायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि गुरुवारी १ मेच्या पहाटे शिजवायचा. महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे म्हणून सगळं मागे मोजत आणलंय. ऑफिसात कुठलीही डेट एवढी पक्की नसते.

२९ एप्रिल, मंगळवार

घरात आंबूस वास. हा येतोच पण उकाड्यात जास्त येतो, आईंनी पाणी दिवसातून दोनदा बदलायला लावलं. त्यात आपल्या लाइनला सकाळी पाण्याचं प्रेशर नाही. गव्हाचं काढलेलं पाणी वाया कशाला म्हणून थोरलीने कुंड्यांना घातलं, आता बाल्कनीलाही तोच वास. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की तुमच्याकडे काही खराब झालंय का. मी म्हटलं गुरुवारी सकाळी या, कळेल.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. आमरस-पुरी. देवरुखच्या काकूंनी (समोरचा फ्लॅट) त्यांच्या भावाच्या बागेतली पेटी आणवली होती, त्यातले दोन डझन आम्ही घेतले. बाजारात देवगड म्हणून कर्नाटकचा आंबा खपवतात त्यावर काकूंचं एक पूर्ण व्याख्यान असतं. साल पातळ पाहिजे, कापल्यावर आत केशरी, आणि वास पेटी उघडायच्या आधी जिन्यात आला पाहिजे. २०१८ ला कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरही आहे, हे मी सांगितलं तर काकू म्हणाल्या, ठाण्याचा हापूस? बरं. त्या 'बरं'वर मी विषय बदलला.

संध्याकाळी ऑफिसमधून आल्याआल्या वाटण. पूर्वी पाट्यावर, आता मिक्सर, पण मिक्सर तापतो म्हणून थोडं थोडं, मधे थांबत. मग फडक्यातून पिळणं. गहू वाटला की पांढरं दूध निघतं, ते गाळून घ्यायचं, चोथा परत पाण्यात कुस्करून परत पिळायचा, जोपर्यंत पाणी पांढरं येतंय तोपर्यंत. माझे अंगठे गेले. चोथा फेकायचा नाही, त्याच्या भुसवड्या होतात, मिरची-लसूण-जिरं घालून. दोन मोठी पातेली भरली, झाकून ठेवली, आईंची ताकीद की रात्री कोणी धक्का लावायचा नाही. धाकट्याला त्या बाजूने बाथरूमला जायलाही बंदी.

१ मे, गुरुवार

पहाटे चार. वरचं पिवळसर पाणी निवळलं होतं, आईंनी पातेलं अगदी हळू कलंडून ते ओतून दिलं, खाली पांढराशुभ्र चीक, एवढा घट्ट बसलेला की पळीने खरवडून काढावा लागला. मग वाटीने मोजला, जेवढा चीक तेवढं पाणी, दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला, त्यात मीठ, हिंग, तेलाची धार.

खरी परीक्षा इथे आहे. उकळी फुटली की गॅस बारीक, एकाने चीक ओतायचा, दुसऱ्याने ढवळायचं आणि तिसऱ्याने पातेलं धरून ठेवायचं कारण ढवळणाऱ्याच्या जोराने ते शेगडीवरून फिरतं. आई ओतत होत्या, मी लाटण्याने ढवळत होते, नवरा दोन सांडश्या घेऊन पातेल्याशी कुस्ती. एक सेकंद थांबलं की गुठळी. पहिले दोन मिनिट पातळ वाटतं, मग अचानक जड होतं, हात वर ओढला जात नाही, आणि आई शांतपणे 'थांबू नको' एवढंच म्हणतात. शिजला कधी हे घड्याळावर कळत नाही. पांढरेपणा जातो, आरपार दिसायला लागतं, चकाकी येते, आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. मग झाकण ठेवून एक वाफ. थोरली व्हिडिओ काढत होती, तिला म्हटलं फोन ठेव आणि सोऱ्याला तेल लाव.

चीक गरम असतानाच घालावा लागतो, गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. पितळेचा सोऱ्या हातात धरवत नाही म्हणून नॅपकिन गुंडाळला. सहाच्या सुमाराला बायका आल्या, काकू, तळमजल्यावरच्या वहिनी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बेन ज्यांनी आल्या आल्या सांगितलं की आमच्याकडे खीचिया (तांदळाचे पापड) करतात, त्याला एवढं भिजवायला लागत नाही. लागत नसेल. पण त्यांच्या हातच्या कुरडया सगळ्यात गोल आल्या हे लिहून ठेवलं पाहिजे. माझ्या लांबट. आईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्यावाल्या एका कडेला करून घातल्या.

ऊन नऊला येणार, पण कुरडया तोवर प्लास्टिकच्या कागदावर घालून तयार. उरलेला गरम चीक खाण्यावरून दोन पक्ष. आई आणि नवरा तेल-मीठवाले, पोरं दूध-साखरवाली. मी दोन्ही खाल्लं.

२ मे, शुक्रवार

सुकत नाहीयेत. म्हणजे सुकतायत पण जशा सुकायला पाहिजेत तशा नाही. वरून कडक, उलटून बघितलं तर पोटात ओल. आई सकाळपासून गच्ची-घर-गच्ची करतायत, गुडघे विसरल्या. एवढं ऊन, अंगाची लाही होतेय, आणि कुरडई नरम कशी, हा त्यांचा प्रश्न. गावाला एका दिवसात खडखडीत होतात.

नवऱ्याने फोनवर दाखवलं, तापमान पस्तीस, 'वाटतंय' मात्र बेचाळीस. फरक दमटपणाचा. आपल्याला घाम सुकत नाही म्हणून बेचाळीस वाटतं, तीच हवा कुरडईचं पाणी घ्यायला तयार नाही, तिचं पोट आधीच भरलेलं. म्हणूनच किनारपट्टीला ३७ च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, मैदानी भागात ४० लागतात. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडे ऊन नुसतं माणसाला त्रास द्यायला आहे.

नवीन पद्धत ठरली. ऊन आल्याबरोबर पसरायचं, बारा वाजता उलटायचं, आणि चारला सगळं खाली आणायचं. गावाला रात्री बाहेर राहिलं तरी चालतं, इथे खाडीची हवा, रात्रीत परत मऊ पडतं. खाली आणून हॉलमध्ये चादरींवर पसरून फॅन पाचवर. आम्ही चौघं बेडरूममध्ये दाटीवाटीने आणि हॉलभर कुरडया.

४ मे, रविवार

वाजल्या! दोन कुरडया एकमेकींवर आपटल्या की टणटण आवाज आला पाहिजे, आज आला. डबे भरले. तुकड्यांचा वेगळा डबा, तो धाकट्याचा.

सीडीचा प्रयोग फसलाय, कबुतरं त्याच दोरीवर बसतात. नऊवारी जिंदाबाद.

६ मे, मंगळवार

साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या. सकाळी आई आणि थोरलीनेच घातल्या, मी ऑफिसला. चारला खाली आणायच्या होत्या पण पोटातून ओल्या होत्या आणि ऊन कडक होतं म्हणून आईंनी थोडा वेळ राहू दिल्या. ऐरोलीच्या ऑफिसमधून निघताना आकाश पिवळट दिसलं. घरी पोचून चपला काढतेय तर वारा. साधा नाही, दारं-खिडक्या आपटवणारा, धुळीचा लोट, कोणाचा तरी पडदा बाहेर उडतोय. थोरली पायऱ्या चढत ओरडत गेली आणि तिच्यामागे आम्ही, काकू, वहिनी, वॉचमनसुद्धा. कागदाची चार टोकं धरून चकल्यांसकट झोळी करून खाली आणलं. नंतर विजा आणि पाऊस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात!

नुकसान : चकल्या बऱ्याचशा एकमेकींना चिकटून गोळा. धूळ बसली त्या फेकल्या. बाकीच्या सोडवून फॅनखाली. आईंनी गोळा झालेल्यांचं रात्री तिखट थालीपीठ लावलं आणि ते इतकं चांगलं लागलं की धाकटा विचारतोय परत कधी वादळ येणार.

१० मे, शनिवार

काम बंद. हवा ढगाळ, आणि घरात सगळे टीव्हीसमोर, भारत-पाकिस्तान सीमेवरच्या बातम्या, एकावर एक ओरडणारे अँकर. आई म्हणतात आवाज कमी कर, पण बंद करू नको. काल आयपीएलही थांबवली, धाकटा त्याच्यामुळे जास्त गंभीर झालाय. संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली. बटाट्याचा कीस पुढे ढकलला.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल, दुपारी एक. थोरलीला ८७ टक्के. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून रिफ्रेश मारत होते. राज्याचा निकाल ९४.१० टक्के आणि कोकण विभाग परत पहिला, हे आपल्या थोरलीचं अभिनंदन करायच्या आधी काकूंनी सांगितलं. आईंनी साखरआंबा करायला घेतला, पेढे आणायला नवरा गोखले रोडला.

अकरावी यंदा सगळ्या राज्यात ऑनलाइन. हा वेगळा प्रकल्प, त्याच्या नोंदी इथे नको.

१७ मे, शनिवार

लोणचं. कैऱ्या काल आणलेल्या, बाजारातच फोडून घेतल्या, कोय फोडायचा तो मोठा अडकित्ता घरी कोणाकडे असतो आता. एकेक फोड फडक्याने कोरडी पुसायचं काम थोरलीला, 'मी ८७ टक्केवाली आहे' असं दोनदा म्हणून झालं. पाण्याचा एक थेंब राहिला तरी बुरशी. मीठ-हळद लावून ठेवल्या, मोहरीची डाळ, मेथी तळून कुटलेली, हिंग, आणि तेल कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं. चिनी मातीची बरणी उन्हात ठेवायला गेले तर ऊनच नाही. ओव्हनमध्ये मावत नाही म्हणून शेवटी आईंनी बरणीला हिंगाची धुरी दिली, म्हणाल्या हे आधीच करायचं असतं, तुम्हालाच ऊन ऊन.

तिकडे काकू चिंतेत. त्यांच्या आमसुलांना पुटं द्यायची असतात, म्हणजे कोकमाची सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. दोनच पुटं झालीत.

२१ मे, बुधवार

काल रात्रीपासून पाऊस. मान्सूनपूर्व म्हणतायत पण याला काही पूर्व वगैरे वाटत नाही, गच्चीवर पाणी साचलंय. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय म्हणे. बटाट्याचा कीस स्कोपमधून काढला, आईंची लेखी नाही पण तोंडी मंजुरी आहे. बटाट्यांची भाजी.

काकूंनी आमसुलांचा नाद सोडला. उरलेल्या कोकमांचं आगळ करतायत, मीठ घालून रस, त्याला ऊन लागत नाही. भावाचा फोन आला होता, झाडावरचा शेवटचा आंबा गळून गेला आणि रातांबे (कोकमाची फळं) भिजलेत. आमच्या डब्यातल्या चकल्यांचं दुःख मग मी त्यांच्यापुढे काढलं नाही.

२४ मे, शनिवार

उडदाचे पापड. याला कडक ऊन लागत नाही म्हणून हा शेवटी ठेवला होता आणि तेच बरं झालं. पापडखार, मिरे, हिंग घालून घट्ट पीठ, तेल लावून कुटायचं. वरवंट्याने कुटताना खालून वहिनी आल्या, तक्रार असेल वाटलं, तर म्हणे लाट्या खायला. पहिल्या परातीतल्या लाट्या तेल लावून कच्च्याच संपल्या. लाटून सगळे फॅनखाली. केरळात आज मान्सून आला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून जाहीर. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदीत एवढ्या लवकर कधी आला नव्हता. घरून काम. आई खिडकीत बसून पाऊस बघतायत, म्हणाल्या यापुढे शिमगा झाला की लगेच गहू भिजवायचा, मेच्या भरवशावर राहायचं नाही. नवरा म्हणाला मार्चमध्ये परीक्षा असतात. आई म्हणाल्या मग परीक्षा पुढे घ्या. मला स्वतःला आईंचं पटतं. आपण सगळे 'मे म्हणजे वाळवण' धरून बसलोय, पण इथे मार्चची हवा कोरडी असते, ऊन मऊ असलं तरी सुकतं लवकर. सुट्टीच्या हिशोबाने कुरडई चालत नाही.

सेक्रेटरी काकांना किल्ली परत केली. त्यांना कुरडयांचा पुडा दिल्यावर भाषण झालं नाही.

१ जून, रविवार

आई आज सकाळच्या एसटीने गेल्या. जाताना सूचना : लोणचं आठ दिवस रोज लाकडी चमच्याने हलवायचं, तेल फोडींच्या वर बोटभर राहिलं पाहिजे, कमी वाटलं तर गरम करून गार केलेलंच घालायचं. पापडाच्या डब्यात हिंगाचा खडा. कुरडयांचा डबा माळ्यावर टाकायचा नाही, खाली दाबल्या जाऊन चुरा होतो.

वाटप झालं. काकूंना मसाला, त्यांच्याकडून आगळाची बाटली आली. बेनना भुसवड्या, त्यांनी तळून बघितल्या आणि रेसिपी मागितली. वहिनींना पापड. नणंदेचा डबा राहिलाय, डोंबिवलीला जायचं तर रविवार मोकळा पाहिजे आणि पाऊस नको. पुढच्या शनिवारी वाशीला ऑफिसचं काम आहे, तिकडून जमलं तर नाहीतर नवऱ्याला पाठवते. लांबट कुरडया सगळ्या आमच्याच डब्यात आहेत, त्या कोणाला द्यायच्या नाहीत असं आईंनी आधीच ठरवलेलं दिसतंय.